कापशीला कोंडलं त्या दिवशी

"हिले बाहेर काढ वं आई," सुधा म्हणाली आणि मांडीवर चढू पाहणारं मांजर तिनं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. "साडीले केसच केस होते."

कापशी खाली उतरली, दोन पावलं गेली, अंग झटकलं आणि पुन्हा मांडीशी आली. सुधानं तिला पुन्हा लोटलं. पोळ्याला माहेरी आल्यापासून आठ दिवस दोघींचं हेच चाललं होतं. समोर जेवायला बसलेल्या बबनरावांचा हात घासावर थांबला. लहानपणी ही पोरगी ह्याच मांजराला पांघरुणात घेऊन झोपायची आणि पांघरुणात मांजर नाही असं आईला शपथेवर सांगायची.

बबनराव समुद्रपूरच्या एस. टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. बारा वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, सुधा आंजीला मामाकडे गेली होती आणि येताना पिशवीत मांजराचं पिल्लू घेऊन आली. कापसाच्या ढिगात सापडलं म्हणून कापशी. नियंत्रकाच्या मुलीनं एस. टी.तून लपवून जनावर आणलं, म्हणून बबनराव दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी बशीत दूध त्यांनीच ओतलं.

शाळा नको असली की सुधा पोट धरून गळा काढायची. तिची आई, रुख्माबाई, चुलीपुढून मान वळवून बघायच्या. कापशी कोनाड्यात खुशाल पडलेली असे.

"मांजर उठली नाई. चाल, दप्तर उचल."

आणि खरंच दुखत असलं, की सुधानं तोंड उघडायच्या आत कापशी तिच्या पायाशी हजर. मोठ्या भावाच्या मरणाची तार आली तेव्हा बबनराव ओसरीवर दगडासारखे बसून राहिले होते. डोळ्यांत टिपूस नव्हता. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. कापशी आली, त्यांच्या गुडघ्याला डोकं लावून बसली, आणि बबनराव लहान पोरासारखे रडले. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं होतं, की सोंग माणसांपुढे करावं, कापशीपुढे चालत नाही. तिघं जण यावर किती हसायचे. बबनरावांना त्या हसण्याची आता फार आठवण येई. घर तेच होतं, पण सुधाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि संध्याकाळी रेडिओ लावला तरी घर रिकामं वाटायचं.

सुधाचं सासर नाचणगावचं. घरची शेती होती, पुलगावात किराणा दुकान होतं. जावई अच्युत दिसायला चांगला, बोलायला गोड. स्थळ बबनरावांनीच हुडकलं होतं आणि चार जणांत त्याचा तोरा मिरवला होता. सुधाच्या पत्रांत न चुकता ओळ असायची, 'मी इकडे सुखात आहे.' आताही ती हसत होती, शेजारणींना सासरच्या गमती सांगत होती, आईच्या हातची पुरणपोळी मागून खात होती. मग कापशीला काय झालं होतं? आणि कापशीचं सोडा, सुधाला काय झालं होतं?

जेवण झाल्यावर रुख्माबाई भांडी घेऊन आत आल्या तेव्हा बबनरावांनी हळूच विचारलं, "सुधा बरी हाय ना वं?"

"बरी नाई तं काय. पाह्यता ना, कशी हासून राह्यली."

"मांजर सोडत नाई तिले."

रुख्माबाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्या जोरानं तवा घासू लागल्या. "बुढी झाली आता मांजर. तिले काय समजते? पोरीले अकराच्या गाडीनं जाऊ द्या नीट. सासरचे लोक वाट पाहत असतीन."

बायकोचं खरं होतं, बबनरावांना वाटलं. मांजराच्या सांगण्यावरून पोरीचा संसार मोडायचा? असं कोणाला सांगायची तरी सोय होती का? पण रुख्माबाईंनी आपल्याकडे बघणं टाळलं, हेही त्यांनी पाहिलं होतं.

सुधाची ओटी भरली. करंज्यांचा डबा बॅगेत गेला. बॅगेची चेन लावायला सुधा वाकली, तर कापशी आत, साड्यांवर बसलेली. सुधानं तिला उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि बाहेरून कडी घातली. आतून नखांनी दार खरवडल्याचा आवाज येत राहिला. सुधा आईच्या पाया पडली, हसली आणि मागं न बघता निघाली.

स्टँडवर पुलगावची गाडी लागली होती. बबनरावांनी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली. गाडी भरली. कंडक्टर कागदावर सही घेऊन गेला. ड्रायव्हर नत्थूनं इंजीन सुरू केलं. बबनराव खिडकीखाली उभे राहिले.

"पोचल्यावर कार्ड टाकजो."

"हो बाबा. अन् घरी गेले का कापशीले जवळ घेजा. दूध देजा तिले."

तिच्या तोंडावर हसू तसंच होतं. बबनरावांनी खिडकीचा गज धरला.

"सुधे, एक विचारतो. आठ दिवस तू तिले जवळ काऊन नाई येऊ दिलं?"

सुधानं समोरच्या सीटकडे बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ती मांडीवर बसली असती तं तुमाले समजलं असतं ना, बाबा."

इंजीन घरघरत होतं. बबनराव पुढच्या दारानं गाडीत चढले, माणसं बाजूला सारत तिच्यापर्यंत गेले आणि फळीवरची बॅग काढली.

"उतर."

"बाबा, लोक पाह्यत आहे."

"पाहू दे. उतर तू."

मागून कोणीतरी कुरकुरलं. नत्थू मान वळवून म्हणाला, "साहेब, टाइम झाला."

"जाय तू," बबनराव म्हणाले. "एक सीट रिकामी गेली तं जाऊ दे."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत बापलेक तिथंच उभे होते. मग त्यांनी तिला आपल्या केबिनीत नेलं, माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर सुधा पेल्याकडे बघत बोलली.

"हात उचलतेत ते. पह्यल्या महिन्यापासून. रातच्याले दार वाजलं का मले धडकी भरते. किती दिवस झाले, धड झोपलीच नाई मी."

दिवाळीलाही ती चार दिवस आली होती. तेव्हाही ती कापशीला बाहेरच्या खोलीत ठेवी आणि बबनरावांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. याची त्यांना इतकी लाज वाटली, की तिच्याकडे बघवेना.

"आता नाई जायचं तेथं," एवढंच ते म्हणाले.

आता घरी रुख्माबाईंना सांगायचं होतं. चार दिवसांत व्याही दारात उभे राहतील, गावात कुजबुज सुरू होईल, ज्यांच्यापुढे तोरा मिरवला तेच येऊन विचारतील. काय सांगायचं, ते बबनरावांना ठाऊक नव्हतं. ड्यूटी तर संध्याकाळपर्यंत होती. ते टेबलाशी बसले. मागच्या बाकावर सुधा भिंतीला टेकली, मग हळूहळू बॅगेवर कलली आणि झोपली. तोंड किंचित उघडं, पाय जवळ घेतलेले, लहानपणी झोपायची तशी.

हिंगणघाटची गाडी आली. बबनरावांनी सवयीनं माइक हातात घेतला, बटणावर अंगठा ठेवला आणि मागं बघितलं. कर्णा केबिनीच्या छतावरच होता. त्यांनी माइक खाली ठेवला, टोपी घातली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि उन्हात उतरून ते एकेका माणसाजवळ जाऊन हळू आवाजात सांगू लागले, "हिंगणघाट. हिंगणघाटची गाडी लागली."