शिवणीतली माया

शिंपीमास्तरांचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास उरला नव्हता. सहा महिने टीबीच्या गोळ्या गिळायला लावून त्याच डॉक्टरांनी मग सांगितलं होतं की टीबी नव्हे, फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तेव्हापासून मास्तरांचा भरवसा फक्त अंगातल्या सदऱ्यावर होता. सदरा अंगाला बरोबर बसतोय तोवर आपलं बरं चाललंय, असं ते बायकोला रोज ऐकवत.

आज केमोनंतरच्या स्कॅनचा रिपोर्ट कळणार होता. दवाखान्याच्या बाकावर मास्तर आणि बायको नंबरची वाट बघत बसले होते. हाताला चाळा म्हणून मास्तरांनी सदऱ्याची शिवण चाचपली आणि बोटं जागीच थिजली. काखेपासून खालपर्यंत हाताचे नवे टाके होते, बारीक आणि किंचित तिरके. बायकोचा हा हात त्यांनी दुकानात शेजारी बसून तीस वर्षं पाहिला होता.

"किती आत घेतलास?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीकडून दोन-दोन बोटं," बायको खालमानेने म्हणाली. "दोनदा."

जन्मभर लोकांच्या छातीची मापं घेतली आणि स्वतःची आटली ते कळलंच नाही! मास्तरांनी टाक्यांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"जादा कापड कापून टाकलंस?" ते खेकसले.

"कापीन कशी?" ती उसळली. "सगळी माया आत ठेवलीय. बरे झालात की उसवू."

आतून त्यांचा नंबर पुकारला. मास्तर उठले.

"उसवताना जपून हं," ते कसेबसे म्हणाले. "कापड जुनं आहे."