कासिमिराचा धर्मबाप

सेवेरोची गाडी चालायची नाही असं नव्हतं; तिच्या मनात आलं की चालायची. उतारावर तर ती कुणाच्या बापाला ऐकायची नाही. अडचण एवढीच, की सेवेरोचं गाव सरोवराच्या काठाला आणि बाकीचं जग घाटापलीकडे. बापाकडून आलेल्या या गाडीचं नाव त्याने कासिमिरा ठेवलं होतं, आपल्या एका आत्याच्या नावावरून. ती आत्या जन्मात सांगितलेलं एकही काम न करता म्हातारी होऊन सुखाने मेली. गाडीचा क्लच बदलून झाला, रेडिएटर सांधून झाला, डावं दार तारेने बांधून झालं.

"माझी दाढ महिनाभर ठणकतेय, तिकडे बघायला याला वेळ नाही," त्याची बायको ब्राउलिया शेजारणींना सांगायची. "हिच्या पोटाखाली मात्र दिवसभर आडवा!"

शेवटी एका सकाळी गाडी ढकलताना ब्राउलियाची नवी टोपी चिखलात पडली आणि तिने निकाल देऊन टाकला. घाटापलीकडच्या कोपाकाबाना गावी चर्चसमोर गाडीसाठी आशीर्वाद घ्यायचा. तिथून घरी पोचेपर्यंत गाडी एकदा जरी ढकलावी लागली, तर ती तिच्या भावाची, एलिओदोरोची. त्याला कोंबड्यांसाठी खुराडं हवंच होतं. मारियामाउलीची शपथ घेऊन बोलली ती, म्हणजे विषय संपला.

सेवेरो तडक गाडीकडे गेला. कारण कासिमिराला खरी भीती आशीर्वादाचीच होती. तिथे गाडीचं बॉनेट उघडतात, फादर फुलांचा गुच्छ बादलीत बुडवून इंजिनावर सपासप पवित्र पाणी मारतात, आणि हिच्या इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला दवसुद्धा सोसत नसे. भिजला की गाडी आडवी. त्याने गुपचूप त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि वर फुलांची माळ टाकली. देवाला फसवतोय याची लाज वाटली, पण गाडी जाणार याची भीती जास्त होती.

कासिमिरा त्या दिवशी घाट चढून गेली. मागे बसलेल्या एलिओदोरोचं तोंड उतरलं.

चर्चसमोर फुलांनी सजलेल्या गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीला लेक मानून सांभाळणारा धर्मबाप लागतो. सेवेरोने ठरवलेला धर्मबाप, एक खानावळवाला, कासिमिराला लांबूनच पाहून पोट बिघडल्याचं सांगत पळाला.

"मी होतो की, दाजी!" एलिओदोरो पुढे आला. "घरचा माणूस असताना परका कशाला?"

फादर आले, पाणी उडालं, पिशवीने काम केलं. सेवेरोने सुस्कारा सोडला. पण पाण्यानंतर बियर, आणि बियर ओतायचा मान धर्मबापाचा.

"हे काय, दाजी? पोरीला रेनकोट?" एलिओदोरोने माळ बाजूला सारली, पिशवी ओढून काढली आणि अख्खी बाटली तिथेच उपडी केली. "घे गं लेकी, पोटभर पी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, फटाके फुटले. सेवेरोने किल्ली फिरवली. कासिमिरा एकदा खोकली आणि गप्प झाली.

पुन्हा फिरवली. काही नाही. सेवेरोला भर चौकात रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही. खाली उतरून त्याने किल्ली मेहुण्याच्या हातावर ठेवली. "सांभाळून ने. डावं दार जोरात ओढू नकोस."

"दोरखंड आणा रे कुणी!" एलिओदोरो ओरडला.

"कुठे नेताय लेकीला?" फटाके विकणाऱ्या एका म्हातारीने विचारलं.

"अंगणात. आत कोंबड्या ठेवणार."

म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. "अरे मेल्या, आत्ता लेक म्हणून पदरात घेतलीस ना? आणि तिच्या पोटात कोंबड्या?"

"शरम वाटू दे, रे!" मागचा ट्रकवाला म्हणाला. रांगेतल्या आणखी दोघांनी ट्रकवाल्याला दुजोरा दिला. फादर बादली घेऊन परत वळले. एलिओदोरोने बहिणीकडे पाहिलं. "ब्राउलिया, तू माउलीची शपथ घेतलीयेस!"

"घेतलीय, आणि मोडणार नाही," ब्राउलिया म्हणाली. "गाडी तुझी. पण तू तिचा धर्मबाप. आजारी लेकीला बाप खुराड्यात घालत नाही, तिच्या घरी पोचवतो. सेवेरो, तू स्टिअरिंग धर. याला कुठे चालवता येतंय?"

ती घागरा खोचून गाडीच्या मागे गेली. एलिओदोरो फादरकडे बघत निमूटपणे तिच्या शेजारी उभा राहिला.

"कुठपर्यंत ढकलायची?" त्याने पुटपुटत विचारलं.

"घाटमाथ्यापर्यंत. पुढे उतार आहे."

"आणि उद्या परत बंद पडली तर?"

"तर काय?" ब्राउलियाने गाडीला खांदा लावला. "धर्मबाप काय एका दिवसाचा असतो होय रे? ढकल."