परकं रक्त

रतनबाईने सुनेच्या डाव्या पायावरची हवेने फुगणारी पट्टी सोडली आणि पोटरीत अंगठा रोवला. पोटरी तापली होती, सुजून उजवीच्या दीडपट झाली होती. नर्स पलीकडच्या खाटेपाशी पाठमोरी होती.

बाळंतपणात सुकन्याचं रक्त थांबता थांबलं नव्हतं. बीडच्या दवाखान्यात आणून चार पिशव्या चढवल्या, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. आता पायात रक्ताची गुठळी धरू शकते, पायावरच्या पट्ट्या काढू नका, पाय चोळू तर अजिबात नका, असं डॉक्टर रोहिणीने कालच बजावलं होतं. रतनबाईने मान हलवली होती, एवढंच. पाटोद्याच्या बाजूला बाळंतिणी काय नि मेंढरं काय, किती तिच्या हाताने उठून चालती झाली होती. तिला ही कालची पोर शिकवणार. बाजारातून आणलेली मेंढी कळपात मिसळत नाही, कोपरा धरून उभी राहते. तिला मागून रेटावं लागतं. इथे तर चार पिशव्या परक्यांचं रक्त, तेही फ्रिजमधलं. त्याला या अंगातली वाट कुठून ठाऊक असणार?

"लई दुखतंय का गं?"

"तुमी हात लावला, बरं वाटतंय आत्याबाई," सुकन्या म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

रतनबाईने घोट्यापासून मांडीपर्यंत नेटाने पाय चोळला. भेटीची वेळ संपली तशी पट्टी पुन्हा गुंडाळून ती बाहेर आली.

अर्ध्या तासात आत पळापळ सुरू झाली. सुकन्याला श्वास पुरत नव्हता, ओठ निळे पडले होते. डॉक्टर बाहेर आली. गुठळी पायातून सुटून फुप्फुसात गेली असावी, पण खात्री करायला वेळ नाही, म्हणाली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं तर थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. न द्यावं आणि गुठळीच असली, तर सुकन्या हातची जाईल.

"तिचा पाय कुणी चोळला होता का?"

सुकन्याचा नवरा अंगद चिडला.

"कोन चोळंल? आत आईच गेलती. पाच वर्सं झाली लग्नाला, आईनं तिच्या पाठीवरून कधी हात फिरवला न्हाई. ती पाय चोळंल व्हय?"

मुलगा आईच्या बाजूने बोलत होता, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सून घरात आली तेव्हापासून रतनबाईने तिला कामं सांगितली होती आणि टोमणे मारले होते, तिसरं काही दिलं नव्हतं. आता नुसतं गप्प बसलं तरी निभावणार होतं. तिने पदर खांद्यावर ओढला.

"मी चोळला," ती म्हणाली. "घोट्यापून मांडीपतुर. सुजलाता म्हनून."

डॉक्टर आत पळाली.

अंगद तिच्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही.

"मग आजच का म्हनून?"



नर्स कागद घेऊन आली. इंजेक्शनसाठी घरच्यांची सही हवी होती. त्यांच्या घरात एक मेंढरू विकायचं तरी रतनबाईला विचारून विकायचे. सवयीने ती उठली, हात पुढे केला. अंगदने मधूनच कागद घेतला, तिच्याकडे पाठ केली आणि भिंतीला टेकवून सही केली.