चिमणीची दुसरी बाटली

"पाव कोणी आणलाय आज?" ताईने प्रयोगशाळेतल्या जेवणाच्या खोलीच्या दारातूनच विचारलं.

प्रमुख मॅडमनी चहात बुडवलेला पावाचा तुकडा तिथेच विरघळून तळाशी गेला. हिशेब बघणारे काका म्हणाले, "ताई, बिस्किट तरी चालेल का? की आता हवेवरच राहायचं?"

"हवेचाही भरवसा उरला नाही," म्हणून ताई दार लावून निघून गेली.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चिमणीच्या दोन बाटल्यांपैकी एक त्या सकाळी गढूळ निघाली होती.

चिमणी म्हणजे आईच्या कडेवर पाय पोटाशी घेऊन बसणारी एक पाच वर्षांची पोर. हे नाव ताईनेच ठेवलेलं. आपल्या पेशींत रोज थोडा केर साठतो आणि तो उचलायला एक एन्झाइम असतं. चिमणीच्या अंगात ते जन्मापासून कामावरच आलं नव्हतं. आईबापांकडून आलेली उणीव, पण दोघांनाही तिचा पत्ता नव्हता. केर साठत गेला, आधी पाय गेले, मग मान जड झाली. नवी औषधं आधी तिच्या पेशींवर करून बघायची, म्हणून दंडाच्या कातडीचा तीळभर तुकडा घेतला होता. त्यातून बाटलीत पेशी वाढवणं, त्यांना अन्नरसाचं गुलाबी पाणी पाजणं, ऊब देणं हे ताईचं काम. त्या इतक्या सावकाश वाढत होत्या, की थोड्या गोठवून बाजूला ठेवाव्यात इतक्याही अजून झाल्या नव्हत्या.

तुकडा घेतला तेव्हा चिमणी रडून रडून निळी पडली होती. तिची आई म्हणाली, "ताई, पुन्हा कापायचं नाही हं हिला." ताई बोलून गेली, "नाही कापणार. मी आहे ना."

आता त्या शब्दाला एकच बाटली उरली होती.

गढूळ बाटली मॅडमनी सकाळीच सूक्ष्मदर्शकातून बघितली होती. "यीस्ट आहे हो ताई. पाव फुगवतात ती. बघा कशा कळ्या फुटतायत, अगदी मजेत आहे."

"मजेत?"

"म्हणजे… दुर्दैवाने मजेत."

मग ताईने सगळ्यांना धारेवर धरलं. एसी दुरुस्त करून गेलेल्या माणसाला फोन करून त्याने न्याहारीला काय खाल्लं होतं ते विचारलं. तिच्यावर संशय घेण्याची कोणाची छाती नव्हती. सगळ्यांचे पांढरे कोट धुलाईला जात. ताई मात्र आपले दोन्ही कोट घरी नेऊन वेगळ्या बादलीत, कढत पाण्यात धुवायची, कपाटात वेगळ्या कप्प्यात ठेवायची. "धुलाईतून आलेला कोट आणि रस्त्यावर पडलेला कोट, मला तर सारखेच दिसतात," असं तिचं म्हणणं. मॅडम याला 'ताईचं सोवळं' म्हणायच्या.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच नवऱ्याने हाक मारली, "अगं, लवकर ये! आज काय चढलंय म्हणून सांगू!"

जमिनीची मोजणी करण्यात त्याचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर त्याने आधी घरातली घड्याळं दुरुस्त केली. त्यातली तीन कायमची बंद पडली. मग तो पावाकडे वळला. पहिला पाव अजून मागच्या दाराला टेकू म्हणून वापरात होता.

त्याने कपाट उघडलं. ताईच्या खास कप्प्यात एक बरणी बसली होती. आत आंबलेलं पीठ बुडबुडे काढत होतं, आणि बरणीभोवती ताईचा पांढरा कोट, बाह्यांची पुढे गाठ मारलेली, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा.

"तुझ्या त्या बाटल्यांसारखंच आहे गं हे. वेळेवर खायला घालायचं, ऊब द्यायची."

"अहो, हा कोट…"

"घरातलं सगळ्यात जाड कापड! आणि तूच म्हणतेस ना, याच्याइतकं स्वच्छ काही नाही. तू घालायच्या आधी नीट झटकून घडी घालतो मी. इस्त्रीची रेघ मोडलीय कधी?"

ताई पलंगावर बसली. तिला काकांचं बिस्किट आठवलं, एसीवाला आठवला, आणि हसू असं फुटलं की आवरेना. हसता हसताच डोळे भरले.

"तुमच्या या बाळाने माझ्या चिमणीची एक बाटली खाल्ली हो."

रोज जेवताना 'चिमणी कशी आहे?' हे तो आधी विचारायचा आणि मग भाजीत मीठ मागायचा. त्याने कोटाची गाठ सोडली. बरणी उचलून शेजारी देऊन आला, घरातली फरशी दोनदा पुसली, आणि कोट एवढा उकळला की त्याच्या बाह्या ताईच्या कोपरापर्यंत आल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत ताई उभी राहूनच म्हणाली, "पाव माझ्याच घरचा होता." आणि सगळं सांगितलं. कुणाला हसावं की नाही कळेना. शेवटी काकांनी बिस्किटांचा पुडा पुढे सरकवला. "बसा. जामिनावर सोडलंय."

ताईचे कोट त्या दिवसापासून धुलाईला जाऊ लागले. दुसरी बाटली ऊब देणाऱ्या वेगळ्या पेटीत ठेवली होती. तिच्याकडे बघायला जाताना ताई मनातल्या मनात नामस्मरण करायची आणि श्वास रोखून, बाटलीचं झाकणही नव्हे, नुसतं पेटीचं दार उघडायची. पाणी गुलाबीच राहिलं. पेशी वाढल्या, एकीच्या चार बाटल्या झाल्या, थोड्या गोठवूनही झाल्या.

मग एकदा खालच्या दवाखान्यात तपासणीला आलेली चिमणी आईबरोबर वर प्रयोगशाळेत आली. ताईने तिला मांडीवर घेतलं, आईने मागून मान धरली, आणि चिमणीने भिंगाला डोळा लावला.

"हे मी?"

"तूच. त्या लांबट लांबट आहेत ना, त्या."

"काय करतायत?"

"चालतायत. पण फार हळू, बघताना कळत नाही."

चिमणी बराच वेळ बघत राहिली.

"औषधाचं कळायला वेळ लागेल," ताई तिच्या आईला म्हणाली. "पण पुन्हा कापायचं नाही आता. पुरतील एवढ्या आहेत."

"आणि या किती दिवस राहतात हो, ताई?"

"गोठवलेल्या ना? त्या काय, आपण कोणी नसलो तरी…" ताईने जीभ चावली.

आईने मान हलवली. मग ती खाली वाकली, चिमणीच्या पायातून घसरलेला मोजा वर ओढला, आणि घोट्यापाशी त्याची घडी सारखी केली.