चिमटीतला बेल्ट

"सरळ सांग ना बाबा, घट्ट झालायस का सैल?"

बॉनेटखालचं हे पुटपुटणं मंजुळाला जेवणाचा डबा ठेवता ठेवता ऐकू आलं. नवरा बेल्टशी बोलत होता. बायकोशी हरेश्वर कधी एवढ्या अजिजीने बोलला नव्हता. तिने माशांची रिकामी पाटी भिंतीला टेकवली आणि हात धुतले.

गोराई खाडीच्या अलीकडे, बोरिवलीत, घराला लागूनच त्याचं गॅरेज. आयुष्य फियाट खोलण्यात गेलं. तिच्या इंजिनात साखळी. मग चार वर्षांपूर्वी ही नवी छोटी गाडी आली आणि साखळीच्या जागी आला रबरी, दातेरी टायमिंग बेल्ट. सैल राहिला तर दात सोडणार, गाडी भर रस्त्यात बसणार. घट्ट झाला तर रडणार आणि बेअरिंग खाणार. मापायला मीटर कुठला? बेल्ट मधोमध चिमटीत धरायचा, हलक्या हाताने पिळायचा. पाव फेरा वळून थांबला की झालं. "बोटांना कळतं," हरेश्वर ऐटीत सांगायचा.

हल्ली त्याने बसवलेले बेल्ट रडायला लागले होते.

"नवीन आहे, गाणारच थोडा," असं गिऱ्हाइकं म्हणायची. मंजुळाही म्हणायची. त्याला रक्तात साखर निघून दोन वर्षं झाली होती. गेल्या आठवड्यात उकळत्या चहाचा ग्लास त्याने निवांत धरून ठेवला, बोटावर फोड आला, तर म्हणे, "चहा गारच होता." तिने दुसरा चहा टाकला होता.

आज स्टुलावर विद्याधर बसले होते, बँकेतले, फियाटच्या काळापासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्या छोट्या गाडीचं अख्खं इंजिन खोलून, नव्या रिंगा घालून पुन्हा जोडलं होतं. उद्या पहाटे ते नाशिकला निघणार होते, लेकीला, जयंतीला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला.

हरेश्वरने चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि पाठोपाठ तो रडका सूर.

"झकास!" विद्याधर स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले. "नवीन आहे, गाणारच..."

हरेश्वरने इंजिन बंद केलं. बेल्टवरचं झाकण पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा. चिमटीत बेल्ट धरला, पिळला आणि तसाच उभा राहिला.

"मंजुळा, तू धर गं जरा. माझे हात तेलकट आहेत."

तीस वर्षांत त्याचे हात तेलकट नव्हते असा दिवस तिला आठवेना. पण ती पदर खोचून पुढे झाली.

"मला काय कळतंय यातलं?"

"पापलेट दाबून बघतेस ना, ताजं का शिळं? तेवढाच जोर."

तिने धरला. "वळतच नाय वो. वायरीसारखा ताणलाय."

त्याने बोल्ट ढिला केला, थोडं सोडलं, आवळला. पान्याने इंजिन हातानेच दोन फेरे फिरवलं. "आता?"

"अर्ध्याच्याही पुढे जातोय."

"आता?"

तिने डोळे मिटले. बेल्ट पाव फेरा वळला आणि तिच्या अंगठ्याखाली थांबला. "हां. राहू दे."

चावी फिरली. इंजिन घुमलं. नुसतं इंजिन. विद्याधरांनी मान तिरकी करून ऐकलं, मग उठून हरेश्वरच्या पाठीवर थाप मारली.

"बघ! शेवटी तुझ्या हाताला तोड नाही, हरेश्वर."

मंजुळा घाईघाईने डबा उघडायला लागली. हरेश्वरने फडक्याने एकेक बोट पुसलं, फोड आलेलंही.

"माझा हात नाही, साहेब," तो म्हणाला. "माझ्या बोटांना आता काही कळत नाही. बेल्ट हिने लावलाय."