सगळ्यांचे ओटीपी यासीनकडे

दहिवडीच्या स्टँडसमोर यासीनचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. गिऱ्हाइकं फोन घरी ठेवून यायची, नाहीतर रेंज नसायची, आणि एका ओटीपीसाठी सगळं खोळंबायचं. यासीननं त्यावर तोड काढली. खातं गिऱ्हाइकाचं, पण मोबाइल नंबर स्वतःचा. काम झटक्यात उरकायचं. लोक त्याला हुशार म्हणायचे, त्यालाही ते पटायचं.

उन्हाळ्यात त्यानं नवं सिम घेतलं. जुन्यावर रिचार्ज मारायचं राहून गेलं आणि तो नंबर बंद पडला.

जुलैत मेंढरं राखणारा तात्याबा लेकीला, मायाला, घेऊन आला. यासीननंच मागं भरून दिलेल्या अर्जावर नर्सिंगला तिला साताऱ्याच्या कॉलेजात जागा मिळाली होती. ती पक्की करायची शेवटची मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. यासीननं पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, मोबाइलवर पाठवलेला ओटीपी टाका. खाली नंबराचे शेवटचे दोन आकडे. ते यासीननं लगेच ओळखले.

"काय झालं रं?" तात्याबानं विचारलं.

"सर्वर डाऊन हाय, तात्या. बसा जरा."

तात्याबा बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. अकरा वाजले, दोन वाजले, चार वाजत आले. मदतकेंद्राचा फोन लागेना. यासीन उगाच बटणं दाबत राहिला. तिसऱ्यांदा त्यानं सर्वरचं नाव घेतलं तेव्हा मागं उभी असलेली माया म्हणाली, "यासीनभाई, ह्यो नंबर आमचा न्हाई. तुमचा जुना हाय."

बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली ती. तिनं आपल्याला सांभाळून घेतलं, हेच यासीनला सोसेना. तो उठला, बाहेर गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

तात्याबा ओरडला नाही. "मग सकाळीच का न्हाई सांगितलंस? अकराच्या गाडीनं साताऱ्याला गेलो असतो. हातानं अर्ज दिला असता."

यासीननं दुकानाचं शटर ओढलं. दोघांना मोटारसायकलवर घेऊन तो सुसाट निघाला, पण पोचेपर्यंत साडेपाच झाले. कॉलेजच्या ऑफिसला कुलूप होतं. जागा गेली. दुसऱ्या फेरीत मायाला लांबचं सांगली मिळालं. दर शनिवारी घरी यायचं तिनं आईला कबूल केलं होतं, ते आता जमणार नव्हतं.

यासीननं वही काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. पहिल्या बाईला, बनाबाईला, तो म्हणाला, "सिस्टीम बदललीय, तुमचा नंबर टाकायचाय." फोन ठेवला आणि कानशिलं तापली. पुन्हा लावून खरं सांगितलं. त्यानंतरच्या प्रत्येकाला खरंच सांगितलं. काहीजण चिडले, दोघांनी दुकान सोडलं.

सांगलीला जायच्या आधी माया आपला नंबर खात्याला जोडायला आली. मदतकेंद्राकडून जुना काढून झाला होता. ओटीपी आला तेव्हा सवयीनं यासीननं हात पुढं केला. मायानं फोन दिला नाही. जरा बाजूला वळून तिनं स्वतःच आकडे टाकले. यासीननं हात मागं घेतला आणि तिचं होईस्तोवर खाली बघत उभा राहिला.