माझ्या भिंगावरचे धागे

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि मला सगळं पटापट सांगून टाकायचंय, कारण माझ्यापायी एक अख्खी टाकी मरायला निघाली होती.

शहराचं सांडपाणी जिथे साफ होतं, तिथल्या खोलीत मी बावीस वर्षं टेबलावर उभा आहे. तिथली ताई रोज सकाळी टाकीतल्या गढूळ पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवायची आणि माझ्यातून बघायची. काय काय असायचं त्यात! देठावर डोलणाऱ्या, एका झटक्यात मिटणाऱ्या इवल्या घंटा. चपलेच्या आकाराचे, अंगभर केसांनी वल्हवत पळणारे. एकेका पेशीचे हे आदिजीव. पाण्यातले मोकाट जिवाणू ते मटामट खातात, म्हणून तर पाणी नितळ होऊन नदीत जातं. घंटा हलताना दिसल्या की ताई म्हणायची, "आल्या बायका कामावर."

काम झालं की ती मला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची. धूळ बसू नये म्हणून, मायेनंच हो. पण आत ओल कोंडली आणि माझ्या वरच्या भिंगावर बुरशी धरली. बुरशीवर माझा राग नाही. बाहेर पाल्याच्या ढिगात तीच पानांची माती करते. तिला ओल मिळाली, ती वाढली.

मग एका सकाळी ताईने डोळा लावला तर धागेच धागे, बाकी धुकं. टाकीत असे धागे माजले की गाळ खाली बसत नाही, टाकी गेलीच समजायचं. तिच्या साहेबांनीही वाकून पाहिलं आणि टाकी रिकामी करा म्हणाले. पाणी साफ करणारा नवा जिवंत गाळ तयार व्हायला महिना लागेल, तोवर सगळी घाण तशीच नदीत जाईल, हे ताईने परोपरीने सांगितलं.

"मग सडक्या टाकीचं काय लोणचं घालायचं?" साहेब म्हणाले.

पंप सुरू झाला. त्याची घरघर माझ्या टेबलापर्यंत येत होती. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, अहो टाकी धडधाकट आहे, बिघडलाय तो माझा डोळा! पण लोखंडाला कुठली वाचा? माझ्या खाली, त्याच थेंबात, घंटा मिटत होत्या, उघडत होत्या, आणि खालच्या भिंगातून ते बघणारा मी एकटा.

ताई परत आली, रडवेली. उगाच काचपट्टी सरकवली. धागे जागचे हलले नाहीत. पुन्हा सरकवली. मग तिने माझं वरचं भिंग धरून फिरवलं, तर धागेही गोल फिरले.

"अगं बाई," ती पुटपुटली, "हे तर याच्या डोळ्यात आहे."

तिने खणातलं दुसरं भिंग बसवलं. घंटा! ढीगभर घंटा! ती अनवाणीच पळत सुटली.

घरघर थांबली तेव्हा अर्धी टाकी गेली होती. पिशवी मीच बांधत होते, असं तिने साहेबांना सरळ सांगून टाकलं. साहेब वाकून बराच वेळ माझ्यातून बघत राहिले. उरलेल्या अर्ध्या टाकीतून घंटा पुन्हा वाढतायत, पण गेलेल्या अर्ध्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मित्रांनो, पाया पडतो तुमच्या, आमच्यासारख्यांना पिशवीत कोंडू नका. कोरड्या फडक्याने पुसा, हवेशीर ठेवा. आणि समोरचं सगळं सडलेलं दिसलं, तर पंप सुरू करण्याआधी एकदा भिंग फिरवून बघा.